टोपी का घातली, ते विचारा

वाचकांचे प्रश्न : डिजिटल गेममधील पात्ररचना

गेल्या अंकात या सदरासाठी गेममधील पात्ररचनेविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत सॉफ्टवेअर कोणते घ्यावे एवढेच विचारले होते. त्या सर्वांना एकत्र उत्तर देते : ब्लेंडर आणि क्रिटा ही दोन्ही विनामूल्य मिळतात, शिकणाऱ्याला ती पुरून उरतात, आणि पहिली दोन वर्षे यापलीकडे पैसे खर्च करण्याचे कारण नाही. उरलेल्या पत्रांचा सूर मात्र वेगळा होता. अनुभवी कलाकाराकडे जावे कसे, गेल्यावर विचारावे काय आणि त्याने सांगितलेले कितपत मानावे, हा त्यांचा विषय होता. सॉफ्टवेअरच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून या अंकाची सर्व जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : मी साताऱ्याचा असून चित्रकलेची पदवी घेऊन मला एक वर्ष झाले. दोन मित्रांबरोबर मोबाइलसाठी एक गेम तयार करत आहे. त्यात शिवकाळातील एक जासूद एका गडावरून दुसऱ्या गडावर खलिता पोहोचवतो. मी त्याचे चित्र मोठ्या कागदावर बारकाव्यांसह काढले : मुंडासे, बाराबंदी, कमरेचा शेला, खलित्याची थैली, हातात काठी, गळ्यात ताईत, मनगटावर गोंदण. कागदावर ते सर्वांना आवडले, पण फोनवर मात्र एक तपकिरी ठिपका पळताना दिसतो. तीन अनुभवी चित्रकारांना चित्र पाठवून मत विचारले. एकाने 'छान' एवढेच लिहिले, दुसऱ्याने शरीररचना कच्ची असल्याचे कळवले, आणि तिसऱ्याने चेहऱ्यावर आणखी भाव हवेत असे सुचवले. यांपैकी कोणाचे ऐकू?

उत्तर : आधी थोडा हिशेब करू. सध्याच्या अनेक फोनच्या पडद्याची आखूड बाजू १०८० पिक्सेलची असते, आणि फोन आडवा धरला की तीच पडद्याची उंची होते. तुमच्या गेममध्ये गड, कडे आणि झाडी दाखवायची असल्याने जासूद पडद्याच्या उंचीच्या फार तर एकदशांश असणार, म्हणजे सुमारे १०८ पिक्सेल. तुम्ही तो कलाशाळेत शिकवल्याप्रमाणे सात डोकी उंचीचा काढला असेल, तर त्याच्या डोक्याच्या वाट्याला १५ पिक्सेल उंची आणि जेमतेम १० पिक्सेल रुंदी येते. चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी हा नियम लावला, तर एका डोळ्याला दोन पिक्सेल मिळतात. दोन पिक्सेलमध्ये चिंता, निष्ठा आणि थकवा यांपैकी काय दाखवणार? ताईत आणि गोंदण यांच्याविषयी तर बोलायलाच नको.

आता त्या तिघांच्या मतांकडे पाहा. त्यांच्यापैकी कोणीही चुकलेले नाही. तुम्ही त्यांना कागद पाठवलात, म्हणून त्यांनी कागदाविषयी मत दिले. तेच चित्र फोनवर ज्या आकारात दिसते त्याच आकारात, धावतानाच्या चार-पाच स्थितींसह आणि मागे गडाची पार्श्वभूमी ठेवून पाठवले असते, तर मला वाटते तिघांचीही उत्तरे वेगळी आली असती. अनुभवी माणसाकडून मिळणाऱ्या उत्तराचा कस आपण त्याच्यापुढे काय ठेवतो यावर बराचसा अवलंबून असतो, आणि इथे नवखे लोक हमखास घसरतात.

मी स्वतः या क्षेत्रात आले तेव्हा आमच्या गटात एक वयस्कर गृहस्थ होते, जे पूर्वी चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवत असत. संगणकावर त्यांचा हात बेताचाच चालायचा, आणि आम्ही मुले मनातल्या मनात त्यांना हसायचो. कोणी पात्राचे चित्र दाखवायला नेले, की ते चित्र भिंतीला लावायला सांगत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जात आणि चष्मा काढून ठेवत. मग ते दिसेल तेवढेच सांगत : "एक निळे काहीतरी आहे, त्याला दोन शिंगे आहेत, आणि ते डावीकडे झुकले आहे." चित्रातला माणूस सैनिक असावा असा आमचा हेतू असे, आणि त्यांना शिंगे दिसत! चाळीस फुटी फलक रस्त्याच्या दूरच्या टोकावरून अंगठ्याएवढाच दिसतो, हे त्यांना पोटापाण्याच्या अनुभवातून ठाऊक होते. त्यामुळे फोनचा पडदा त्यांना आमच्याइतका परका कधी वाटलाच नाही. त्यांच्याकडे ब्रशचा हात होताच, पण आम्हाला गरज होती ती लांबून पाहणाऱ्याला नेमके काय दिसते या त्यांच्या जाणिवेची, आणि ती मागून घ्यायची असते हे कळायला मला दोन वर्षे लागली.

या धंद्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मारिओचे आहे. १९८१ साली 'डाँकी काँग' या गेमसाठी शिगेरू मियामोतो यांनी ते पात्र घडवले, तेव्हा त्यांच्या हाती १६ गुणिले १६ ठिपक्यांची चौकट आणि मोजके रंग होते. एवढ्या जागेत तोंड काढता येईना, म्हणून नाकाखाली मिशी आली, आणि तिच्यामुळे नाकही उठून दिसले. उडी मारताना केस हलताना दाखवणे जमणार नव्हते, म्हणून डोक्यावर टोपी बसली. हात अंगाच्या रंगात मिसळून जात होते, म्हणून कामगाराचा पट्ट्यांचा पोशाख चढवला, जेणेकरून बाह्यांचा रंग वेगळा राहील आणि धावताना हात दिसतील. आज जगभरातली मुले ओळखतात तो चेहरा अशा अडचणींतून जन्माला आला आहे. मारिओ पाहून तुम्ही जासुदाला मिशी लावलीत, तर तुम्ही मियामोतोंकडून काहीच शिकला नाहीत. 'माझ्या चौकटीत कोणती गोष्ट मावत नाही, आणि तिच्या जागी काय ठेवले तर तिची उणीव भासणार नाही' हा प्रश्न उचललात, तर पुष्कळ शिकलात.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर 'टिंकल' मासिकातला शिकारी शंभू आठवा. वसंत हळबे यांनी रेखाटलेल्या त्या शंभूचे डोळे हॅटखाली कायम झाकलेले असतात. भित्रेपणा हाच ज्याचा स्थायीभाव, त्याचे डोळेच दाखवायचे नाहीत, हे धाडस पाहा. त्याची सारी घाबरगुंडी गुडघ्यांत, खांद्यांत आणि पळण्याच्या ढबीत उतरलेली असते, आणि ती हातभर अंतरावरूनही वाचता येते. तुमच्या तिसऱ्या चित्रकाराने भाव वाढवायला सांगितले आहे ते रास्तच आहे, फक्त तो भाव चेहऱ्यावरून काढून पाठीच्या कण्यात ठेवावा लागेल. थकलेला जासूद आणि ताजातवाना जासूद यांतला फरक मुंडाशाच्या कलण्यातून आणि काठी धरण्यातून कळला पाहिजे.

बाह्याकृतीविषयी आणखी एक सांगते, कारण तिच्यावर तुमचा निम्मा प्रश्न सुटेल. २००७ साली व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने 'टीम फोर्ट्रेस २' हा गेम काढला. त्यात नऊ प्रकारचे लढवय्ये आहेत, आणि धावपळीत समोरचा कोण हे क्षणात ओळखणे खेळणाऱ्याला भाग असते. त्यांच्या कलाकारांनी पाहण्याचा क्रमच ठरवून टाकला : गट ओळखायचा रंगावरून, लढवय्याचा प्रकार ओळखायचा बाह्याकृतीवरून, आणि त्याच्या हाती काय आहे हे कळावे म्हणून छातीच्या उंचीवर उजेड-अंधाराचा फरक सर्वांत जास्त ठेवायचा. पायांकडून छातीकडे रंग उजळत नेले की नजर आपोआप हातातल्या शस्त्रावर जाते. हे करताना त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकी मासिकांचे चित्रकार, विशेषतः जे. सी. लेयेनडेकर यांचा अभ्यास केला होता. लेयेनडेकर यांनी एकाच साप्ताहिकासाठी तीनशेहून अधिक मुखपृष्ठे काढली, आणि मुखपृष्ठाला दुकानातल्या गर्दीतून लांबूनच हाक मारावी लागते. आपल्याकडे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनीही तेच काम केले. जुन्या बाजारात ते अंक मिळाले, तर दहा पावलांवर ठेवून पाहा.

तेव्हा आता असे करा. जासुदाचे शरीर सात डोक्यांऐवजी साडेचार-पाच डोक्यांचे करा, म्हणजे डोक्याला आणि मुंडाशाला जागा मिळेल. अंगावरच्या सात वस्तूंपैकी कोणत्या दोन ठेवायच्या, हे आधी स्वतः ठरवा आणि का ते लिहून काढा. खलित्याची थैली हीच गोष्टीचा जीव आहे, म्हणून मी असते तर ती अंगापासून सुटी, मोठी आणि उजळ ठेवली असती आणि ताईत निःसंकोच काढून टाकला असता. मग संपूर्ण आकृती काळ्या रंगाने भरून, फोनवरच्या आकारातले चार पर्याय एका पानावर मांडा आणि त्याच तिघांना पुन्हा पाठवा. या वेळी 'कसे वाटते' असे विचारू नका. "यांतला कोणता पळणारा वाटतो, आणि कोणता नुसता उभा वाटतो?" असे विचारा. ज्याने 'छान' लिहिले होते, तोही या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊ शकणार नाही. तुमच्या चित्रावरच दुरुस्ती काढून दाखवण्याची विनंतीही करा. पानभर उपदेशापेक्षा अनुभवी हाताने तुमच्या रेषेवरून ओढलेली एक लाल रेषा जास्त शिकवते. ती दुरुस्ती मिळाल्यावर पुढचे चित्र त्यांना नक्की दाखवा. सल्ला घेऊन गुडूप होणाऱ्या मुलांना पुन्हा वेळ द्यावासा वाटत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

शरीररचनेविषयी ज्याने लिहिले, त्याचे पत्र जपून ठेवा. उभ्या चित्रात त्याने दाखवलेला दोष फोनवर दिसणार नाही, पण जासूद धावू लागला की लगेच दिसेल, कारण कंबर आणि खांदे एकमेकांच्या उलट दिशेने वळले नाहीत की माणूस लाकडी वाटतो. यासाठी चित्रकारच गाठला पाहिजे असेही नाही. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली आलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गेमसाठी आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्याच्या एकेका स्थितीवरून राजपुत्राची हालचाल उतरवली. तुम्ही तर साताऱ्यात राहता. यवतेश्वरच्या घाटात पहाटे सरावाला येणाऱ्या धावपटूंपैकी एखाद्याची परवानगी घेऊन चढणीवरची आणि उतारावरची धाव फोनवर टिपून घ्या. चढावर पावले आखूड पडतात आणि छाती पुढे येते, उतारावर धड मागे रेलते आणि हात तोल सांभाळायला फाकतात. जासुदाचा खरा गुरू तो धावपटू असू शकेल.

प्रश्न : मी कुडाळजवळच्या शाळेत चित्रकला शिकवतो. पिंगुळीची चित्रकथी आणि बाहुल्यांची परंपरा आमच्या अगदी शेजारी आहे. आमचे माजी विद्यार्थी गेम तयार करत असून त्यांना पात्रे चित्रकथी शैलीत हवी आहेत. इंटरनेटवरची चित्रे पाहून त्यांनी मोठे डोळे आणि एका बाजूने दिसणारे चेहरे काढलेही. मला ते उपरे वाटते. ज्येष्ठ कलाकारांकडे त्यांना कसे न्यावे, आणि हे सारे उचलणे योग्य आहे का?

उत्तर : आपल्याला ते उपरे वाटते, त्याचे कारण आपल्या प्रश्नातच आले आहे. मुलांनी डोळे उचलले आणि गोष्ट सांगण्याची पद्धत तिथेच ठेवली. चित्रकथी ही मुळात एकामागून एक चित्र समोर धरून गात सांगायची कथा आहे. पोथीतले प्रत्येक पान प्रेक्षकाला थोडाच वेळ दिसते, आणि तेवढ्यात राजा कोण, राक्षस कोण, कोण बोलतो आहे आणि कोण ऐकतो आहे हे समजावे लागते. त्या मोठ्या डोळ्यांना आणि बाजूने दाखवलेल्या चेहऱ्यांना या गरजेच्या संदर्भात पाहिले, तर त्यांतून नजर कोणीकडे आहे हे किती ठसठशीत कळते ते लक्षात येईल. गेममध्ये ज्याची नजर महत्त्वाची नाही त्या पात्राला तसले डोळे लावले, की ते दागिना होऊन बसतात.

म्हणून मुलांना पिंगुळीला नेताना पहिल्या भेटीत वही-पेन्सिल घरीच ठेवायला सांगा. ठाकर समाजातल्या कलाकारांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या टिकवली आहे, आणि परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला. तिथे जाऊन आधी एक संपूर्ण खेळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बसून पाहायचा. दुसऱ्या भेटीत प्रश्न न्यायचे, आणि ते कौशल्याविषयीचे असावेत. कळसूत्री बाहुलीला दोरे कोठे बांधतात, आणि कोणता अवयव मुद्दाम सैल सोडतात? हा प्रश्न मुलांना थेट उपयोगी पडेल. संगणकावर द्विमितीय पात्र हलवताना त्याचे तुकडे करून प्रत्येकाला सांधा द्यावा लागतो, आणि सगळेच सांधे सारखे हलवले तर पात्र भुतासारखे लवलवते. कोणता अवयव पुढाकार घेतो आणि कोणता मागून ओढला जातो, हे बाहुली नाचवणाऱ्याच्या बोटांना ठाऊक असते. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात तर पडद्यावर छाया पडते, आणि आकृतीच्या कडेनेच बरेचसे सांगितले जाते. वर साताऱ्याच्या वाचकाला जे सांगितले त्याचा हा जिवंत पाठ आपल्या शेजारी आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० साली 'राजी' हा गेम काढला. त्यात रंगसंगतीसाठी पहाडी लघुचित्रांचा आधार घेतला आहे, आणि कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितले आहेत. त्यांतली एक गोष्ट मला विशेष आवडते. छायाबाहुल्या त्यांनी जिथे निवेदन आहे तिथेच वापरल्या, आणि राजी या मुलीला लढताना वेगळ्या, त्रिमितीय रूपात ठेवले. जुन्या कलेचे बलस्थान कशात आहे हे ओळखून तिला तेवढेच काम दिले. आपल्या मुलांनीही चित्रकथी संपूर्ण गेमवर पसरण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

उचलणे योग्य का, याचे उत्तर मी गोलमाल देणार नाही. कलाकाराने शिकवण्यासाठी वेळ दिला, तर त्याचे मानधन आधी ठरवून द्यावे, गेमच्या श्रेयनामावलीत 'प्रेरणा' असे मोघम न लिहिता त्यांचे आणि परंपरेचे नाव द्यावे, पोथीची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत, आणि गेममधून पैसे मिळू लागले तर वाटा कसा असेल हे कागदावर उतरवावे. मुलांकडे आज पैसे नसतील तर तसे स्पष्ट सांगावे. न सांगता घेणे आणि सांगून उधारीने घेणे यांत फरक आहे, आणि ज्येष्ठ माणसे तो फरक चांगला ओळखतात.

प्रश्न : एआयकडून मी एका संध्याकाळी पात्राची चाळीस चित्रे काढून घेतो. मग अनुभवी कलाकारांच्या मागे कशाला लागायचे? (एक अभियंता, पुणे)

उत्तर : चाळीस चित्रांपैकी एक निवडून ती टोपी का घातली, असे त्या यंत्राला विचारून पाहा. ते काहीतरी कारण सांगेलही, पण ते कारण चित्र झाल्यानंतर रचलेले असेल. त्या कारणाने चित्र घडलेले नसते, त्यामुळे त्याच्या आधारे तुम्ही पुढचे पात्र घडवू शकत नाही. याचा व्यवहारातला त्रास लवकरच कळतो. पात्र गेममध्ये आणायचे तर समोरून, बाजूने आणि मागून अशी तीन चित्रे एकमेकांशी जुळावी लागतात. समोरच्या चित्रात पट्टा उजवीकडे आणि मागच्या चित्रातही उजवीकडेच, शेला कोणत्या खांद्यावरून येतो याचा पत्ता नाही, बाही आणि दंड एकमेकांत विरघळलेले, अशी चित्रे त्रिमितीय रूप देणाऱ्याच्या हाती गेली की तो डोक्याला हात लावतो, आणि मग सगळे पुन्हा काढावे लागते. तुम्हाला ती चाळीस चित्रे मनातल्या कल्पना चाळवायला वापरायची असतील तर माझी हरकत नाही. मात्र ज्या चित्रकारांच्या कामावर ती यंत्रे पोसली गेली, त्यांतल्या अनेकांना कोणी विचारले नव्हते, हे मला खटकते आणि ते मी इथे लपवत नाही. त्या चाळिसांतली पाच घेऊन एखाद्या अनुभवी कलाकाराकडे जा आणि कोणते टाकावे ते विचारा. टाकण्याची कारणे ऐकण्यासाठी तरी तुम्हाला माणूस लागेल.

प्रश्न : गाजलेल्या कलाकाराचे पात्र हुबेहूब उतरवून काढणे ही चोरी आहे का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : स्वतःच्या वहीत सरावासाठी काढत असाल तर मुळीच नाही. गाण्याच्या शिष्यानेही आधी गुरूची तान जशीच्या तशी गळ्यात बसवायची असते. तेच चित्र आपले म्हणून मांडले किंवा आपल्या गेममध्ये वापरले, की ती चोरी होते आणि कायद्यानेही अडचण येते. उतरवताना एक सवय लावून घ्या. चित्र पूर्ण झाले की मूळ झाकून ठेवा आणि तेच पात्र वेगळ्या स्थितीत, उदाहरणार्थ जेवायला बसलेले किंवा पावसात भिजलेले, काढून पाहा. जिथे हात अडेल तिथे मूळ कलाकाराने घेतलेला एखादा निर्णय तुम्हाला अजून कळलेला नाही असे समजावे. अनुभवी माणसाकडे न्यायचा प्रश्न नेमका तोच.

प्रश्न : आपले सदर माझ्या नातवाने मला वाचून दाखवले. मी पेणला चाळीस वर्षे गणपतीच्या मूर्ती घडवतो. नातू शहरात गेमसाठी त्रिमितीय पात्रे करायला शिकतो. सुट्टीत आला की पडदा दाखवून "आजोबा, कसे झालेय?" असे विचारतो. मला माऊससुद्धा धरता येत नाही. त्याचे पात्र मला निर्जीव वाटते, पण का ते सांगता येत नाही. मी त्याला काय शिकवणार?

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला. आपल्याला जे निर्जीव वाटते त्याचे एक कारण मी न पाहता सांगू शकते, कारण ते जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या कामात असते. या सॉफ्टवेअरमध्ये आरशासारखी सोय असते. उजवा गाल घडवला की डावा आपोआप तसाच होतो. काम निम्मे होते, म्हणून मुले ती सोय शेवटपर्यंत चालू ठेवतात, आणि मग दोन्ही खांदे एका पातळीत, दोन्ही भुवया एकाच वळणाच्या, वजन दोन्ही पायांवर सारखे, असे पात्र तयार होते. आपली मूर्ती अशी कधीच नसते. सोंड एका बाजूला वळते, चारही हात वेगवेगळ्या कामात असतात, एक पाय दुमडलेला आणि एक सोडलेला असतो. नातवाला एवढेच सांगा, की आरसा बंद कर आणि याचा भार कोणत्या पायावर आहे ते मला दाखव.

दुसरे, त्याला अर्धा दिवस शाडूच्या गोळ्यापुढे बसवा. त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या एका ब्रशचे नावच माती असे आहे, पण मातीला वजन असते, ती ओघळते, हात चुकला की कडा ढासळते, आणि त्यामुळे माणूस आधी मोठे आकार बसवतो आणि नखे-दागिने नंतरसाठी ठेवतो. पडद्यावर हा धाक नाही. तिथे घडवणारा पहिल्या तासातच पापण्या कोरत बसतो. आपण त्याचे काम पाहताना "अजून दागिन्यांवर येऊ नकोस" असे बजावलेत, तर तो धाक आपल्या शब्दांतून त्याला मिळेल. साच्याचे उदाहरणही द्या. साच्यातून मूर्ती अडकल्याशिवाय सुटावी म्हणून कोणते आकार कसे ठेवायचे, याचे आपले हिशेब असतात. त्याच्याही कामात पात्राचे हात अंगापासून दूर फाकवून घडवावे लागतात, म्हणजे पुढे सांधे हलवताना काख आणि खांदा चिरडत नाही. पुढच्या टप्प्यासाठी आकाराला आधीच घालावी लागणारी ही मुरड आपल्याला पाठ आहे.

आणि आखणी. डोळे लिहिताना मूर्ती किती उंचीवर बसणार आणि समोरचा माणूस कोठे उभा राहणार, याचा अंदाज आपल्या हाताला असतो. नातवाला हेच विचारा : तुझ्या पात्राकडे पाहणारा कोठे उभा आहे?

या प्रश्नावर कदाचित तोच आपल्याला चकित करील. बऱ्याच गेममध्ये कॅमेरा पात्राच्या पाठीमागे, थोडा वर ठेवलेला असतो. खेळणारा तासन्‌तास त्याची पाठ पाहतो. चेहरा दिसतो तो अधूनमधून, गोष्टीच्या एखाद्या प्रसंगात. मखरात बसणाऱ्या मूर्तीची पाठ मात्र भिंतीकडे असते, त्यामुळे तिच्यावर हात फिरवून आपण तिला बाजूला ठेवत असाल. या एका बाबतीत नातवाचे ऐकावे लागेल. या गणपतीनंतर कारखाना रिकामा झाला, की दोघांनी मिळून शाडूत एक पाठ घडवा : खांद्यावरून उतरलेल्या शेल्याची गाठ, मानेवरचे केस, एका बाजूला झुकलेली कंबर. समोरचा चेहरा कोरा राहिला तरी चालेल. ते छायाचित्र या सदराकडे पाठवलेत, तर कार्तिकाच्या अंकात पूर्ण पानावर छापू.